खुणेचा रविवार

शुक्रवारी संध्याकाळी मृत्युंजय नायगावहून लातूरला आला, हातपाय धुऊन ताटावर बसला आणि भाकरी मोडायच्या आतच आईला म्हणाला, "मी चर्चचं पाळकपण सोडतोय." गुरम्माच्या हातातला वरणाचा डाव जागच्या जागी थांबला. ती काही बोलणार, तोच त्यानं आणखी एक वाक्य टाकलं, आणि रात्रभर तिला डोळा लागू दिला नाही तो या दुसऱ्या वाक्यानं. "पण तू सोड म्हणालीस तरच. नवस तुझा हाय. तू बांधलास, तूच सोड."

सकाळी महादेवप्पांनी नांदेडला धाकट्या भावाला फोन केला. महादेवप्पा म्हणजे जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या आड बसलेला माणूस. घरात वादळ आलं की ते भावाला बोलावत आणि आपण वर्तमानपत्राच्या मागं जात. दुपारच्या आत भुजंग आपली पांढरी गाडी घेऊन दारात हजर झाला. येताना पुतणीलाही, म्हणजे स्वप्नालीलाही, नांदेडहून घेऊन आला. मृत्युंजयची ही धाकटी बहीण तिथं शाळेत शिकवायची आणि रविवारी भुजंगच्याच चर्चमध्ये मुलांचं संडे स्कूल चालवायची.

भुजंगला घाई होती, आणि त्याला कारणही होतं. नांदेडच्या त्या मोठ्या चर्चच्या कमिटीत तो होता, आणि तिथं पाळक म्हणून पुतण्याचं नाव त्यानंच लावून धरलं होतं. रविवारी नेमणुका वाचून दाखवायच्या होत्या, आणि त्याआधी, शनिवारी संध्याकाळी, नेमणुका ठरवणाऱ्या अधीक्षक साहेबांना हो की नाही ते कळवायचं होतं.

"लोक काय म्हणून राहिलेत, ठाव हाय का तुला?" बशीतला चहा फुंकत भुजंग म्हणाला. "नायगावचा पाद्री दुपारभर दुकानात बसून विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरतो म्हणे. लोकांचे आत्मे सोडून कॉइल भरून राहिला!"

"खरं हाय ते," मृत्युंजय म्हणाला.

"खरं हाय म्हणतो वर!"

"जळालेली मोटार भरून दिली काका, की माणूस ती नेऊन विहिरीवर बसवतो आन् बटण दाबतो. पाणी आलं की मला कळतं, काम झालं. चर्चच्या मंडळीत मी काय भरलं, ते मला आजवर कळलं न्हाई."

"ते बघणं तुझं काम न्हाई. देवाचं हाय."

"तेच तर इचारायलोय. मला बोलावलं ते देवानं का आईनं?"

गुरम्मा खालमानेनं सुपात तुरीच्या शेंगा घेऊन बसली होती. समोर स्वप्नालीही शेंगा सोलत होती. ती आल्यापासून 'बरी हायस का' याच्यापलीकडं एक शब्द बोललेली नव्हती, पण तिच्या बोटांचा वेग वाढला होता.

या घरात ख्रिस्त आला तो महादेवप्पांच्या वडिलांच्या काळात, उदगीरला. धर्म बदलला, पण लिंगायतांची नावं तीच राहिली, आणि मटणही काही घरात शिरलं नाही. मंडळीतले लोक थट्टेनं त्यांना 'अंबाडीच्या भाजीचे ख्रिस्ती' म्हणत. गुरम्मा लग्न होऊन आली ती शिवभक्तांच्या घरातून. तिची आई काही अडलं की पिंडीला फूल चिकटवून कौल मागायची. फूल उजवीकडं पडलं की हो, डावीकडं पडलं की नाही. गुरम्मानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा पिंडी सोडली, फूल सोडलं. कौल मागणं तेवढं सुटलं नाही. त्याला ती आता खूण म्हणू लागली, एवढंच. प्रार्थना करताना खिडकीत पाखरू आलं तर असं, दारावर थाप आली तर तसं. तीस-बत्तीस वर्षं तिनं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली, डॉक्टरांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगितल्या, पण घरातला एकही निर्णय खुणेवाचून केला नाही. आणि लोक तिला भक्तिमान म्हणत आले ते याच्यामुळंच.

मूल होत नव्हतं, तेव्हा ती उदगीरच्या चर्चमध्ये एकटी जाऊन गुडघ्यावर बसली होती आणि शास्त्रातल्या निपुत्रिक हन्नेसारखा नवस बोलली होती: मुलगा दे, तो तुझाच, मी त्याला पाळक करीन. मुलगा झाला. शब्द पाळायचा म्हणून तो चालू-बोलू लागल्यापासून तिनं त्याला सांगितलं, तू देवाचा. चार वर्षांनी स्वप्नाली झाली. तिच्यासाठी कुणी गुडघे टेकले नव्हते. ती आपली आपण आली.

"मागल्या महिन्यात," मृत्युंजय सांगू लागला, तो सगळ्यांना सांगत होता पण बघत होता आईकडं, "मंडळीतल्या सरजाबाईचा जावई गेला. तरणाताठा माणूस. ती मला बाहीला धरून म्हणली, पाद्री साहेब, तुमाला तर देवानं बोलावून घेतलंय, त्याच्या मनात काय हाय ते सांगा की मला. मी तोंड उघडलं आन् पाठ केलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. बिचारी हुंकार देत होती. मला लाज वाटली. ज्यानं त्याचा आवाज एकदा बी ऐकला न्हाई, त्यानं तिला काय सांगावं?"

"म्हणून मोटारी भरणार?" भुजंग म्हणाला.

"मोटारीला कुणी इचारत न्हाई, तुला कुणी बोलावलं म्हणून."

महादेवप्पांनी वर्तमानपत्र जरासं खाली केलं. "शिवकांताला विचारलंस का?" शिवकांता म्हणजे मृत्युंजयची बायको. मुलांच्या परीक्षा म्हणून ती नायगावलाच राहिली होती.

"तिनंच पाठवलंय, आप्पा. म्हणली, पाळकाचं घर सोडावं लागंल तर सोडू, भाड्यानं राहू. पण आईंच्या तोंडून होकार घेऊन या. न्हाईतर मोटारीच्या आवाजात बी तुमाला जन्मभर तो नवसच ऐकू येईल."

"सून शहाणी हाय," महादेवप्पा म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रामागं गेले.

सगळ्यांच्या नजरा गुरम्माकडं वळल्या. तिला एक गोष्ट बोलायची होती आणि ती जिभेवर येत नव्हती. दवाखान्यात तिनं किती लेकरं हातातून जाताना पाहिली होती. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आपलं वाचलंय ते शब्दावर. शब्द मोडला तर?

"आन् तुला काय झालं म्हंजे?" ती शेवटी म्हणाली. "देवानं दिलेला हाईस तू. त्यानं माघारी मागितला तर मी काय करू?"

"आई, देव काय नाग हाय का डूख धरायला?"

"नाग मी हाय की. नावानंच," भुजंग म्हणाला, आणि एवढ्या ताणातही स्वप्नालीच्या तोंडून हसू फुटलं. भुजंगलाही बरं वाटलं असावं. तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमी घाबरू नका. तुमी सोड म्हणूच नका, म्हंजे झालं. नवस हाय, त्याला हात लावायचा न्हाई."

"काका, तुमाला नवसाची काळजी का नेमणुकीची?" स्वप्नाली म्हणाली. शेंगांवरची नजर तिनं उचलली नव्हती.

"दोन्हीची. लाज कशाला वाटू दिऊ?"

"आन् तू रे दादा," ती भावाकडं वळली, "तू कामून आईच्या तोंडाकडं बघत बसलास? मंडळीला काय शिकवतोस? देवाची इच्छा कळायची तर शास्त्र वाचा, प्रार्थना करा, शहाण्या माणसाला इचारा, मग ठरवा आन् ठरवल्यावर रडू नका. हिमायतनगरच्या मंडळीत होतास तवा मी सोताच्या कानानं ऐकलंय."

"लोकांना सांगणं सोपं असतं."

"हाव. ते तर दिसायलंच."

अशा वेळी घरातल्या माणसांच्या बाजू कशा फिरतात पाहा. सकाळी गुरम्माला वाटत होतं, बहीणभाऊ एक होऊन आपल्यावर चालून येणार आणि दीर आपल्या बाजूनं उभा राहणार. आता लेक भावावरच घसरली होती, आणि दिराच्या आधाराचा तिला आधार वाटत नव्हता. तिनं सूप बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले. घरातला निर्णय अडला की ती जे म्हणायची तेच म्हणाली.

"मला जरा वेळ द्या. मी देवाला खूण मागते. उद्या रविवार हाय. उद्याच्या उपदेशात मोकळं कर, सोड, असं काही आलं, तर मी समजीन त्याची इच्छा हाय. न्हाई आलं तर न्हाई."

"उद्या?" भुजंग म्हणाला. "साहेबांना फोन आज करायचा हाय वहिनी."

"एका दिवसानं आभाळ कोसळत न्हाई."

स्वप्नालीच्या हातातली शेंग अर्धी उकललेली तशीच राहिली. "परत रविवार?" ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. गुरम्माला मात्र तो कानाला लागला, कारण हा आवाज तिनं पूर्वी एकदाच ऐकला होता, आणि त्यानंतर तो या घरात कधी आला नव्हता.

"माझ्या टायमाला बी रविवारच होता," स्वप्नाली म्हणाली.

"कसला रविवार?" मृत्युंजयनं विचारलं.

"मला सेमिनरीत जायचं होतं, पाळक व्हायला, तवाचा."

"पण तू तर म्हणली होतीस, मन बदललं."

"तसं म्हण म्हणून सांगितलं होतं. लोकात बरं दिसतं म्हणून." ती आता शेंगा खाली ठेवून सरळ बसली. "बी.ए. झालं तवा मी आईला सांगितलं, मला बी जायचंय, मला तसं आतून वाटायलंय. आई म्हणली, एका घरातून एक पुरे. मी रडले. मग आई म्हणली, बरं, देवाला इचारू. येत्या रविवारी उपदेशात जा असं आलं तर तू जा. आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई. रविवारी सगळ्यात पुढच्या बाकावर जाऊन बसले. आन् उपदेश काय? यरुशलेम सोडू नका. बाहेर पडू नका. थांबा. टेबलावर हात आपटून सांगितलं, थांबा, थांबा, थांबा."

मृत्युंजयच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्याला ते टेबल आठवलं असावं. "उन्हाळ्यात का?" त्यानं विचारलं. "मी सुट्टीला आलो होतो, तवा?"

"हाव."

"स्वप्ना, तो उपदेश मी केला होता."

"मला काय दिसत नव्हतं का? तूच होतास की समोर."

"मग तू मला सांगितलं कामून न्हाई?"

"काय सांगू? दुसरा कोणी असता तर घरी येऊन भांडले असते. पण तू देवाला दिलेला. मला वाटलं, देवानं तुझ्याच तोंडून सांगितलं, म्हंजे आता पुढं बोलायला जागा न्हाई."

मृत्युंजयनं दोन्ही तळव्यांत तोंड धरलं. तो बोलला तेव्हा त्याचं बोलणं कुणाकडं बघून नव्हतं. "पाळक साहेबांना ताप आला होता. शनिवारी निरोप आला, उद्या तू बोल. माझ्याकडं तयार उपदेश तेवढा एकच होता. वर्गात मार्कांसाठी लिहिलेला. हात आपटायचं बी सरांनीच सांगितलं होतं. शेवटच्या बाकावरचे लोक झोपतात म्हणून."

कुणी हसलं नाही. खरं म्हणजे हसण्यासारखंच होतं, आणि दुसऱ्या कुठल्या घरात ते घडलं असतं तर लोक पोट धरून हसलेही असते.

तो रविवार गुरम्माला लख्ख आठवत होता. स्वतःचा मुलगा व्यासपीठावर चढताना पाहून तिचा ऊर भरून आला होता, आणि 'थांबा' हा शब्द आला तेव्हा खूण तिला दुप्पट पक्की वाटली होती. पण आणखी एक गोष्ट होती. ती तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नाही. तो शब्द ऐकताच तिला सुटल्यासारखं झालं होतं. एकुलती लेक दूर जाणार नाही, घरात राहील, लग्न होऊन जवळपास नांदेल, म्हणून सुटल्यासारखं. आणि त्या सुटकेलाच ती देवाची शांती म्हणाली होती. मंडळीत उभं राहून तिनं तशी साक्षही दिली होती.

महादेवप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती मांडीवर ठेवली. "गुरम्मा," ते म्हणाले, "त्या दिवशी उपदेशात 'जा' आलं असतं, तर तू तिला पाठवलं असतंस?"

जन्मभरात नवऱ्यानं तिला असा प्रश्न विचारला नव्हता. तिनं हो म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"मला बी वाटलं न्हवतं, तू पाठवशील," महादेवप्पा म्हणाले. "तरी मी गप्प बसलो. मला वाटलं, देवाच्या कामात आपण कशाला."

मग गुरम्मानं जे केलं, ते तिनं चांगल्या मनानंच केलं. एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं. ती लेकीजवळ सरकली, तिचा हात हातात घेतला. डोळे भरून आले होते, पण डोळ्यांत एकदम उजेडही आला होता.

"मग आता जा की, बाय. अजून काय वय झालंय तुझं? तू जा. मी हो म्हणते. ह्याच्या जागी तू जा. म्हंजे हा बी मोकळा होईल, आन् देवाला दिलेला शब्द बी ऱ्हाईल."

भुजंग खुर्चीत पुढं सरकला. त्याच्या डोक्यात चक्रं फिरू लागलेली दिसतच होती. "वाईट न्हाई हे. आता बाया बी पाळक होऊन राहिल्या. संडे स्कूल तर तीच चालवते, पोरं जीव टाकतात तिच्यावर. साहेबांना मी सांगतो, आमच्या घरचा एक गेला तरी एक येऊन राहिला."

स्वप्नालीनं आईच्या हातातून हात काढून घेतला. झटकला नाही. एखाद्या झोपलेल्या माणसाच्या डोक्याखालून काढावा तसा हळूच काढला.

"मी बदलीवर आलेय का, काका?"

"तसं न्हाई गं..."

"तसंच हाय. ह्याला मागून घेतला, म्हणून ह्याला दिला. मला कुणी मागितलं बी न्हाई आन् दिलं बी न्हाई. आता ह्याची जागा रिकामी व्हायली तर मी सापडले." ती उठली. "मला तवा जायचं होतं, आई. कुणाच्या जागी न्हाई. माझी मी."

"तवा गेलं ते गेलं. पण आता..."

"आता न्हाई. आता मला तसं वाटत न्हाई. रोज वाटायचं, ते वाटायचं बंद झालं. कधी झालं ते बी कळलं न्हाई." एवढं बोलून ती सोललेल्या दाण्यांची परात उचलून स्वयंपाकघरात गेली. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ बंद झाला नाही.

बाहेरच्या खोलीत मृत्युंजयच आधी बोलला. "राहू द्या," तो म्हणाला. "आई, तू तिला काही म्हणू नको. मी राहतो. काका, साहेबांना हो म्हणून कळवा. मी नांदेडला येतो."

"हे बघा!" भुजंग मांडीवर थाप मारून म्हणाला. "देवानं मार्ग काढला का न्हाई? मी म्हणत होतो." त्यानं खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि नंबर शोधू लागला.

गुरम्मानं मुलाकडं पाहिलं. तो असा बसला होता की दवाखान्यातली माणसं तिला आठवली. रिपोर्ट काय आला ते कळल्यावर, आता पुढं काय करायचं हे विचारायचंच सोडून देणारी. मुलगा राहतो म्हणाला होता. नवस पाळला जाणार होता. तिला हवं ते झालं होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं वाटलंही. त्या वाटण्याचीच तिला भीती वाटली. ही शांती तिच्या ओळखीची होती.

सवयीनं तिचे कान टवकारले गेले. एखादं पाखरू, दारावर थाप, कुणाची हाक. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी चालली होती, ती चालतच राहिली. खिडकीत काही आलं नाही. तिनं मनात म्हटलं, प्रभू, आता तरी बोल. आणि मग तिला वाटलं, तो तरी काय बोलणार? आपण प्रश्न त्याला घालत होतो, आणि उत्तर द्यायचं होतं आपणच.

"भाऊजी, फोन ठेवा."

"अहो वहिनी, लागायलाच..."

"ठेवा म्हणते ना."

भुजंगनं फोन खाली घेतला. गुरम्मा उठून मुलासमोर जाऊन बसली. गुडघे दुखत होते, खाली बसायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"तू सोड," ती म्हणाली. "मी तुला सोडलं."

मृत्युंजयनं मान वर केली. "देवानं सांगितलं?"

"न्हाई. देव काय बोलला न्हाई. मीच सांगायले." तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "चुकत असंल तर ते माझ्यावर. त्याच्यापुढं उभी ऱ्हायची येळ आली की मी सांगीन, लेकरू तू मला दिलं होतंस, आन् मी त्याला न इचारता तुला माघारी दिलं. मला काय अधिकार होता? आन् तुला काही झालंच, तर..." ते वाक्य तिला पुरं करता आलं नाही. ती भीती गेली नव्हती. ती जाईल असंही नव्हतं.

गुरम्माला वाटलं होतं, तो रडेल, नाहीतर हसेल. त्यानं दोन्ही केलं नाही. तो आईच्या हातांकडं बघत राहिला आणि म्हणाला, "हे आधी कामून न्हाई सांगितलंस?"

"तू आधी इचारलंस का?"

"न्हाई."

"कामून न्हाई?"

"मी खुणेची वाट बघायलो होतो," मृत्युंजय म्हणाला. "सेमिनरीच्या पहिल्या वर्षापासून."

महादेवप्पा खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. तिथूनच, पाठमोरे, ते म्हणाले, "एका घरात चार माणसं. आन् चौघंबी दार लावून, आपापल्या खोलीत देवाला इचारत बसलेली."

मृत्युंजय उठला आणि अंगणात जाऊन बायकोला फोन लावला. तो काय बोलला ते आत ऐकू आलं नाही. बोलणं थोडंच झालं. नंतर तो फोन हातात धरून तसाच उभा राहिला. चाळिशीला आलेला, कपाळावर केस विरळ झालेला माणूस. मोकळा झाला होता, पण मोकळ्या माणसासारखा दिसत नव्हता. त्याची वर्षं आता परत देणार कोण?

दिवस कलला तसा भुजंग निघायला उठला. तो रागावलाच होता, पण थोरल्या भावाच्या घरातून रागावून निघायचं नाही, एवढी रीत त्याला होती. "साहेबांना काय सांगू?" चपला घालता घालता त्यानं विचारलं. "कशामुळं सोडून राहिला म्हणू?"

"सांगा, त्याच्या आईनं सांगितलं," गुरम्मा म्हणाली.

"असं कारण चालत न्हाई, वहिनी, कागदावर."

"मग कागदावर तुमाला येईल ते लिवा."

स्वप्नालीही त्याच्याच गाडीनं नांदेडला परतणार होती. तिनं भावाच्या पाठीवर हात ठेवला, "शिवकांता वहिनीला सांग, सुट्टीत पोरांना पाठव म्हणून," एवढंच म्हणाली. वडिलांना म्हणाली, गोळी विसरू नका. आईनं डब्यात भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची उसळ बांधून दिली होती, तो डबा तिनं घेतला. घरातली सगळी कामं नीट पार पडत होती. कुणी कुणावर रुसलेलं दिसत नव्हतं.

गुरम्मा फाटकापर्यंत तिच्यासोबत गेली. भुजंग गाडी वळवून घेत होता. गल्लीत थंडी पडायला लागली होती.

"स्वप्ना."

"काय?"

"तुला त्या वेळी..." गुरम्माला शब्द जुळवावे लागत होते. नवसासाठी शब्द कधी जुळवावे लागले नव्हते, खुणेसाठीही नाही. "तुला तवा आतून वाटायचं म्हणलीस. ते काय होतं गं? देव तुला काय म्हणला होता?"

स्वप्नालीनं तिच्याकडं पाहिलं. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता.

"आज कशाला ते?"

"मी तुला कधी इचारलंच न्हाई. सगळ्यांना इचारलं, देवाला इचारलं. तुला न्हाई इचारलं."

लेकीचे ओठ किंचित हलले, आणि गुरम्माचा जीव त्या ओठांपाशी गोळा झाला. मग भुजंगनं हॉर्न वाजवला.

"आठवत न्हाई, आई," स्वप्नाली म्हणाली. "किती वर्षं झाली."

ती गाडीत बसली. काच वर गेली. काचेआडून तिनं हात हलवला, नेहमी हलवायची तसाच.

गाडी कोपऱ्यावरून वळली तरी गुरम्मा फाटक धरून उभीच होती. पाच वर्षांची असताना पाठ केलेल्या ओळी ही पोरगी अजून मुलांना पुस्तक न उघडता शिकवते, हे तिला माहीत होतं. तिला आठवतंय. आठवतंय, आणि ते ऐकायचा आपला हक्क त्याच रविवारी गेला, हेही गुरम्माला आता कळलं. आणि हे कळायला तिला कुठलीच खूण लागली नाही.